एका वेलीचे दोन घड

मी इटलीला गेलो तो एका माणसाशी भांडायला. घरी मात्र सांगितले, सरकी काढायचे नवे यंत्र पाहायला जातो. यंत्रही पाहिले, पण नंतर, आणि अर्ध्या मनाने. आता नंदुरबारातली मंडळी रोज संध्याकाळी जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, येऊन तेच तेच विचारतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना माझा आवाज चढतो. म्हणून एकदा लिहूनच काढतो. जहाजावरचे दिवस लिहीत नाही. पाणी, उलट्या आणि उकडलेले बटाटे यापलीकडे त्यात काही नव्हते.

भांडण काय होते ते आधी सांगितले पाहिजे. मी मूळचा नंदुरबारजवळच्या रनाळ्याचा. जिनच्या दारात डोक्यावरून कापूस वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज त्याच जिनमध्ये माझी भागीदारी आहे. मधल्या काळात कोणी मला हात दिला नाही, म्हणून मीही कोणाचे ऐकून घेत नाही. दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका परदेशी कंपनीने माल पारखायला साल्वातोरे नावाचा इटालियन पाठवला होता. तीन हंगाम तो नंदुरबारला राहिला. हमालांच्या संगतीत आधी शिव्या शिकला, मग अहिराणी शिकला. आम्ही त्याला सालूशेट म्हणायचो. माझ्याच ओट्यावर बसून त्याने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली आहे.

त्याच सालूशेटने तिसऱ्या हंगामात माझ्या कापसाची दाबलेली एक गाठ फोडली, दोन ठिकाणचे पुंजके काढून दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढले. एकाचा धागा लांब निघाला, दुसऱ्याचा आखूड. त्याने वहीत लिहिले, दोन बियांची भेसळ. सगळा माल परत. मी सांगून पाहिले की बी एकच आहे, रनाळ्याचे आहे, मी स्वतः निवडलेले आहे. तो म्हणाला, "बापू, बोट खोटं बोलस नही." मी तराजूची दांडी उचलली. चार जणांनी मला धरले म्हणून त्याचे डोके शाबूत राहिले. पुढच्या वर्षी तो आपल्या देशी गेला आणि इकडे बाजारात माझे नाव पडले भेसळबापू. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण मी वळलो की पाठीमागून ऐकू येई, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणे तो मगनभाई दलाल.

हा शब्द मला पुसून हवा होता. ज्याने लिहिला त्याच्याच हाताने, कागदावर. पत्ता शोधावा लागला नाही. माझा मेहुणा ओंकार माझ्याकडे पारखी आहे, आणि सालूशेट दर नवीन वर्षाला त्याला चित्राचे कार्ड पाठवायचा. मला ते आवडत नसे. त्या वर्षी मात्र मी ओंकारला सांगितले, त्याला लिही, आम्ही येतो. उत्तर आले, द्राक्षे उतरवायच्या वेळी या.

नेपल्स

बंदरावर उतरलो तेव्हा ऊन आपल्या कार्तिकातल्यासारखे होते. समोर धूर सोडणारा डोंगर. ओंकार बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दाजी, हाई त जिननं धुराडं शे."

घोडागाडीवाल्याशी मी भाव केला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्याने बोटे दाखवली, मी त्यातली निम्मी मुडपली. त्याने आकाशाकडे हात केले, आपल्या आईची शपथ घेतली असावी, आणि निघून चालला. मीही निघून चाललो. दहा पावलांवर दोघेही एकाच वेळी वळलो. मला त्या क्षणी वाटले की या देशात आपले जमेल.

पुढे थोडी रेल्वे, आणि आव्हेर्सा नावाच्या गावच्या स्टेशनावर सालूशेट उभा. केस पांढरे झालेले, पोट सुटलेले. मी आठ वर्षे त्याच्यासाठी जे बोलणे घोकून ठेवले होते ते ओठावर आले, तेवढ्यात तो हात जोडून म्हणाला, "राम राम बापू. कसं शे? बठा गाडीमा, माय वाट देखी ऱ्हायनी."

परक्या मुलखात, खारा वारा नाकात असताना, हे शब्द कानावर पडले की माणूस भांडू शकत नाही. मी गाडीत बसलो. भांडण उद्यावर टाकले.

घरी त्याची आई कार्मेलाबाई, वय सत्तरीच्या पुढे, काळे लुगडे म्हणावे तसा काळा झगा, आणि थोरला भाऊ जेन्नारो, उंच, हाडे मोठी, बोलणे कमी. बाई तो भागही स्वतःच भरून काढत. मी दारू घेत नाही हे सालूशेटने त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिले की जणू मला मोठा आजार आहे. जेवायला वाल आणि जाड शेवया एकत्र शिजवलेल्या, वर तेल आणि लाल मिरची. मिरची पाहून ओंकारच्या डोळ्यांत पाणी आले, अजून खाल्ली नव्हती तरी. पण एका गोष्टीने माझा घास अडला. खिडकीत कुंडी होती, तिच्यात आपल्या तुळशीसारखे झाड, वासही जवळपास तोच. कार्मेलाबाईंनी त्याची मूठभर पाने तोडली आणि चुरून भाजीत टाकली.

"ओंकार," मी म्हणालो, "यास्नी तुळसनी भाजी करी."

"दाजी, पुण्यनं शे. खाई ल्या."

खाल्ली. चव चांगली होती, हे मी घरी बायकोला अजून सांगितलेले नाही.

झाडावरची द्राक्षे

द्राक्षाचा मळा म्हणजे मांडव असेल, माणसाच्या उंचीचा, अशी माझी कल्पना होती. सकाळी शेतावर गेलो तर मांडव नाही. आपल्या शेवरीसारखी सरळसोट झाडे रांगेने उभी, आमच्या जिनच्या धुराड्याच्या निम्म्याने तरी उंच, आणि एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत वेलींची भिंत. खालपासून शेंड्यापर्यंत हिरवी भिंत आणि तिच्यात फिकट पिवळे घड. त्या झाडांना तिकडे पोप्लर म्हणतात. वेल झाडाच्या बुंध्याशी लावायचा आणि झाडावर सोडून द्यायचा. सालूशेट म्हणाला की तिकडे याला वेलीचे लग्न म्हणतात.

मला आधी ते सगळे वेड्यासारखे वाटले. जे पीक हाताने तोडायचे ते आकाशात कशाला न्यायचे? मी तसे विचारले.

"खाले देख," सालूशेट म्हणाला.

खाली गहू काढून झाला होता, मका उभा होता, पलीकडे अंबाडीसारखे दोराचे पीक. द्राक्षाने जमीन अडवली नव्हती. एकाच शेतात तीन पिके, एक जमिनीवर, एक कमरेला आणि एक डोक्यावर. मी मनात शेताचा हिशेब मांडला, तो बरोबर निघाला. आमच्याकडे केळीच्या बागेत मिरची लावणारे आहेत, पण आकाश कोणी वापरलेले नाही.

त्यांच्याकडे तीन जातींचे वेल आहेत. एक ही पिवळट, आंबट, जिची दारू होते. दुसऱ्या दोन काळ्या, त्यांची थोडीच झाडे उरली आहेत, आणि त्यांची नावे मी तीनदा विचारून तीनदा विसरलो. तिन्ही फार जुन्या, देवळातल्या देवांइतक्या जुन्या असे कार्मेलाबाई सांगत. मुळे खाणारी एक बारीक कीड अमेरिकेतून आली आणि तिने युरोपभरचे वेल संपवले, तेव्हा लोकांनी अमेरिकन मुळांवर आपल्या वेलींची कलमे बांधली. "पाय अमेरिकेना, डोकं आम्हनं," सालूशेट म्हणाला. या गावची माती मात्र त्या धुराच्या डोंगराची राख आहे, वाळूसारखी. तिच्यात ती कीड चालत नाही. म्हणून इथले वेल अजून स्वतःच्या पायांवर उभे आहेत. एखादा वेल म्हातारा झाला तर त्याचीच फांदी वाकवून जमिनीत पुरतात. तिला मुळे फुटली की तीच पुढचा वेल. बाहेरून काही आणत नाहीत. सरकारी माणूस दरवर्षी येऊन सांगतो, ही झाडे पाडा, तारांवर बुटकी द्राक्षे लावा, दुप्पट येतील. कार्मेलाबाई त्याला जेवू घालतात आणि परत पाठवतात.

मी त्या सरकारी माणसाच्या बाजूचा. ज्याचे वजन जास्त ते पीक घ्यावे, असे मी आयुष्यभर मानत आलो. तसे बोललोही. सालूशेटने ते आईला सांगितले. बाईंनी माझ्या हातात आणखी एक पाव ठेवला.

तोडणी पाहण्यासारखी असते. शिडी अरुंद, एकाच माणसाच्या रुंदीची, आणि लांब. जेन्नारोने ती खांद्यावर तोलून झाडाला लावली आणि सरसर वर गेला. वर गेल्यावर त्याने एक मांडी दोन पायऱ्यांच्या मध्ये घालून गुडघा वळवला आणि दोन्ही हात सोडून दिले. तसाच मागे रेलून तो घड कापू लागला. आमच्या नवापूरकडे ताडीवाले दोर कमरेला बांधून चढतात. इथे दोर नाही, शिडीनेच माणसाला धरलेले. ओंकारने डोळे मिटून घेतले.

टोपलीचा प्रकार तर मला अजिबात कळला नव्हता. तिला बूड नाही. खाली निमुळती होत भोवऱ्यासारखे टोक. ज्या टोपलीला जमिनीवर ठेवता येत नाही ती कोणत्या शहाण्याने विणली, असे मी म्हणत होतो. तेवढ्यात वरून भरलेली टोपली दोराने खाली आली आणि तिचे टोक मऊ मातीत खुपसून ती ताठ उभी राहिली. कलंडली नाही, एक मणी सांडला नाही. खाली मोठी मोकळी टोपली घेऊन ओंकार उभा होता, त्याने ती रिकामी केली आणि दोर हलवला. मी दोन टोपल्या विकत मागितल्या. जेन्नारो म्हणाला विकत नाही, फुकट घेऊन जा. फुकट म्हटल्यावर भाव करता येत नाही, त्यामुळे मला चुकल्याचुकल्यासारखे झाले.

शिडी

दुपारी झाडाखाली जेवायला बसलो. मी ठरवले, आता बोलायचे.

"सालूशेट," मी म्हणालो, "तू मन्ही गठाणले भेसळ म्हनं व्हतं. आठ वरीस झायात. आज सांग, काय देखं व्हतं तू?"

त्याने पाव खाली ठेवला. "बापू, मी समजी गयथू तू यंत्र देखाले नही उना." मग तो थांबला आणि म्हणाला, "दोन धागा व्हतात. एक लांब, एक आखूड. आते भी तेच सांगसू."

"बी एकज व्हतं."

"बोट..."

"तुन्हा बोटले आग लागो."

माझा आवाज चढला होता. ओंकार माझा सदरा ओढत होता. जेन्नारो शिडीवरून खाली पाहू लागला. कार्मेलाबाईंनी मुलाला विचारले, काय चालले आहे. त्याने सांगितले. बरेच सांगितले, आणि प्रामाणिकपणे सांगितले असावे, कारण तराजूच्या दांडीचा अभिनयही केला. बाई ऐकत होत्या. मग त्या उठल्या, एका टोपलीतून एक घड घेतला, दुसऱ्या टोपलीतून दुसरा, आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवले. सालूशेट म्हणाला, "माय म्हनस, तू पारखी शे ना? चाखी सांग."

पहिला घड मऊसर, मणी किंचित सोनेरी, गोड, शेवटी आंबटपणाची धार. दुसरा हिरवट, घट्ट सालीचा, इतका आंबट की कानामागे शिरशिरी आली. मी ओंकारलाही चाखायला लावले. त्याने मान डोलावली.

"दोन जाती," मी म्हणालो. "आंधळा भी सांगी दी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या झाडाकडे बोट केले, मग शेंड्याकडे, मग बुंध्याकडे. सालूशेटने सांगितले, गोड घड शेंड्याचा आहे, आंबट घड खालच्या सावलीतला. वेल एकच.

मी मान्य केले नाही. बाजारात मी असे पुष्कळ पाहिले आहेत, दोन ढिगांतला माल दाखवून एका ढिगाचा म्हणून सांगणारे. मी म्हणालो, त्या उंचीवर दोन वेल एकमेकांत गुंतलेले असतील, खालून कोणाला कळणार? मी स्वतः पाहतो. जेन्नारो उतरला होता. मी चप्पल काढली आणि त्याची शिडी धरली. तो काहीतरी ओरडला, सालूशेटही ओरडला, पण मी तेव्हा कोणाचे ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो.

ती शिडी जेन्नारोची होती, हे मला नंतर समजले. तिकडे शिडी बाजारात मिळत नाही. सुतार येतो, माणसाचा गुडघा मापतो आणि त्या मापाने पायऱ्या ठोकतो, कारण वर गेल्यावर मांडीनेच धरायचे असते. एकाची शिडी दुसरा वापरत नाही, बापाची मुलगाही नाही. जेन्नारो साडेसहा फुटाचा आणि मी त्याच्या छातीला लागतो. प्रत्येक पायरीला मला गुडघा पोटाशी आणावा लागत होता. तरी मी चढलो. एक हात शिडीवर, एक हात वेलीवर, आणि नजर वेलीच्या लाकडावर, एक तसूही न सोडता. खाली ते माझ्या मनगटाएवढे जाड होते. मग अंगठ्याएवढे. मध्ये कुठे गाठ नाही, जोड नाही, शेजारून दुसरे आलेले नाही. बुंध्याचा आंबट घड आणि शेंड्याचा गोड घड, मधले लाकूड एक.

ते पाहिले आणि मी जेन्नारोसारखी मांडी दोन पायऱ्यांत घातली. ती आत गेली, बाहेर येईना. दुसरा पाय खालच्या पायरीला पुरेना. मी वेलीला मिठी मारली आणि तसाच राहिलो.

"दाजी," खालून ओंकार म्हणाला, "काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"देखी ऱ्हायनू."

"उतरा ना मंग."

"पाय अटकना."

त्यानंतर खाली बरीच पळापळ झाली, दुसरी शिडी आणायला जेन्नारो गेला. मी मात्र वर लटकून शांत होतो. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प राहिल्याचे मला आठवत नाही. तिथून समोर सगळा मुलूख दिसत होता, धुराचा डोंगर, हिरव्या भिंती. पण मला दिसत होते रनाळ्याचे शेत. कपाशीचे झाडही असेच आहे. पहिल्या वेचणीचे बोंड भरलेले, धागा लांब, रंग दुधासारखा. शेवटच्या वेचणीला झाड थकलेले, पाणी आटलेले, बोंड कवडीएवढे, धागा आखूड. झाड तेच. बी तेच.

"ओंकार," मी वरून हाक मारली.

"काय दाजी?"

"त्या वरीसले शेवटली वेचणी आपण कोठे घाली व्हती?"

ओंकारने मान वर केली.

"त्याच गठाणीसमा, दाजी. तुम्हीच सांगं व्हतं. प्रेस मोकळा व्हता, चटकन दाबी टाक, म्हनं व्हतं तुम्ही."

म्हटले होते. मला आठवले. आठ वर्षे मी दोन बिया नव्हत्या एवढेच घोकत होतो, आणि खरेच नव्हत्या. पण धागे दोन का निघाले, हे मी एकदाही स्वतःला विचारले नव्हते. रागात माणूस तेवढा मोकळा नसतो.

सालूशेट शिडीच्या खाली उभा होता. त्याला अहिराणी येते, त्यामुळे त्याने सगळे ऐकले होते. तो वर पाहून हळूच म्हणाला, "पहिली वेचणी, शेवटली वेचणी. बापू, हाई मन्हा डोकामा उनंच नही." त्याच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे, आणि त्याला कपाशीत ते दिसले नव्हते.

जेन्नारोने मला सोडवून खांद्यावर घेतले आणि पोत्यासारखे खाली आणले. मांडी सोलवटली होती. कार्मेलाबाईंनी त्यावर तीच तुळस चोळली.

भुयार

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला दारूचे कोठार दाखवले. घराच्या मधल्या खोलीतून पायऱ्या खाली जातात, पिवळ्या मऊ दगडात कोरलेल्या, विहिरीसारख्या खोल. या दगडातूनच वरचे घर बांधले आहे. जेवढे घर वर, तेवढी पोकळी खाली. आत माघातल्यासारखी थंडी आणि आंबूस गोड वास. पिंपांच्या रांगा. वर-खालचे सगळे घड एकत्र चिरडून एकाच पिंपात भरतात. शेंड्याने गोडी येते, सावलीतल्याने धार येते, आणि धार नसेल तर ही दारू दारूच नव्हे, असे सालूशेट सांगत होता. मी वास घेतला. ओंकारने प्याला घेतला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दाजी, औषधना वास उना माले." औषध दोनदा घेतले.

तिथेच पिंपावर कागद ठेवून मी सालूशेटला म्हणालो, "लिख आते."

"काय लिखू?"

"मी खोटं बोलनू."

"खोटं नही. चुकनू."

"मोठं चुकनू."

"चुकनू म्हंजे चुकनू, बापू. त्याले माप नही."

व्यापाराची पत्रे इंग्रजीत जातात, तशी त्याने इंग्रजीत ओळ लिहिली. बापूंच्या गाठीतले बी एकच होते, मी त्याला दोन म्हणालो ती माझी चूक. मी हात पुढे केला, पण कार्मेलाबाईंनी कागदावर आपला हात ठेवला. त्या काय म्हणाल्या ते सालूशेटने जरा संकोचाने सांगितले. पाहुण्यानेही एका वेलीला दोन जाती म्हटले. तेही लिही. आणि दोन वेचण्या एका गाठीत दाबल्या होत्या, तेही.

मी म्हणालो, त्याचा इथे काय संबंध? द्राक्षाचा वेगळा कागद करा. बाई नको म्हणाल्या. बारीक अक्षरात लिहा. नको. पाठीमागे लिहा. नको. तुमच्या भाषेत लिहा. या वेळी त्या हसल्या, पण नको. मी पायऱ्या चढून वर निघून गेलो. या वेळी घोडागाडीवाल्यासारखे समोरचे कोणी वळले नाही. वर स्वयंपाकघरात उभा राहिलो, खिडकीतल्या त्या कुंडीकडे पाहत, आणि थोड्या वेळाने स्वतःच खाली आलो.

"माय काय म्हनस?" मी विचारले.

सालूशेट म्हणाला, "माय म्हनस, एक वेलनं सगळं एक पिंपमा जास. आम्हना घरमा हाई रीत शे."

त्याने खाली दुसरी ओळ लिहिली. सही केली. मग कागद माझ्या हातात देताना म्हणाला, "पण बापू, एक सांगू? आज जरी ती गठाण उनी, तरी मी परत करसू. दोन वेचणीना धागा गिरणीमा तुटस."

मी त्याच्याकडे पाहिले. हे वाक्य त्याने आठ वर्षांपूर्वी म्हटले असते तरी मी दांडी उचलली असती.

"माहीत शे माले," मी म्हणालो.

नंदुरबार

परतीच्या जहाजावर मी तो कागद रोज काढायचो. मधोमध घडी घातली की वरची ओळ तेवढी दिसे आणि खालची मागे जाई. घडी घालायचो, उलगडायचो, पुन्हा घालायचो. मुंबई येईपर्यंत मी ठरवून टाकले होते की बाजारात वरची बाजू दाखवायची. ओंकार हे पाहत होता. बोलला नाही, आणि त्याचे न बोलणे मला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचते.

आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी कापसाचा बाजार भरला होता. मी जिनच्या ओट्यावर टोकाच्या त्या दोन टोपल्या मातीच्या ढिगात खुपसून उभ्या केल्या, लोक जमले. मगनभाई आला. मी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला, आणि तो माझ्या हातात दोन तुकडे होऊन आला. रोजच्या घडीवरच फाटला होता, अगदी सरळ, जणू कोणी पट्टी लावून फाडावा.

वरचा तुकडा मी गर्दीतल्या शाळामास्तरांच्या हाती दिला. त्यांनी इंग्रजी वाचले आणि मराठीत सांगितले. बी एकच होते, चूक माझी. मगनभाईने टोपी मागे सारली.

"खरं शे मंग, बापू," तो म्हणाला. आठ वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते एवढेच होते. पण त्याची नजर माझ्या डाव्या मुठीवर होती. "तो दुसरा तुकडा कशाना शे?"

मूठ मिटून खिशात घालता आली असती. मी तो तुकडाही मास्तरांना दिला. त्यांनी वाचला, द्राक्षाचा आणि वेचण्यांचा, सगळा. लोक हसले. मगनभाई सगळ्यांत मोठ्याने हसला. माझे कान तापले, आणि ओट्यावर तराजूची दांडी पडलेली होती. मी तिच्याकडे पाहिले आणि तिथेच राहू दिली.

हसून झाल्यावर मगनभाई म्हणाला, "हाऊ भी त्याच कागदना शे का? का दुसरा कोन्ही लिखा?"

मी दोन्ही तुकडे घेतले आणि समोरच्या गाठीवर ठेवून त्यांच्या फाटलेल्या कडा एकमेकींना लावल्या.

"एकज शे," मी म्हणालो. "जुळाडी देख."